वृद्धाश्रमातली पहाटे पाचची आंघोळ : बाविसांचे बावीस नियम का नकोत?

जास्वंदी

नमस्कार मंडळी. विषय आंघोळीचा आहे, आधीच सांगते. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग वाचा.

माझी आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही, नाशिकरोडला शाळेत गणित शिकवत होती. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्याच सुमाराला, ज्याला आम्ही विसरभोळेपणा म्हणत होतो तो स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झालं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीला. म्हणून गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात तिला ठेवलं आहे. नाव विचारू नका, व्यनितही (व्यक्तिगत निरोपातही) सांगणार नाही, कारण माणसं वाईट नाहीत. जेवण गरम मिळतं, औषधं वेळेवर देतात, खोलीत ऊन येतं.

अडचण एकच. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पाचला महिला विभागातल्या सगळ्या बावीस बायकांची आंघोळ. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, डोक्यावरून हँडशॉवर सोडायचा, साबण, टॉवेल, गाऊन, की पुढची. आत्या ओरडते. हात उगारते. एका मावशींना चावलीसुद्धा. आता तिथून निरोप आला आहे की 'आजी अग्रेसिव्ह आहेत, डॉक्टरांशी बोलून रात्रीची गोळी सुरू करावी म्हणतो'.

आत्याची शाळा दुपारची होती. आयुष्यभर ती साडेदहा-अकराला, बादली आणि तांब्या घेऊन, आतून कडी लावून आंघोळ करत आली. मी तेवढंच विचारलं, की तिची आंघोळ उशिरा आणि तांब्याने घालता येईल का? उत्तर मिळालं, 'एकीसाठी नियम बदलला तर उद्या बाविसांचे बावीस नियम होतील.'

तर प्रश्न : बाविसांचे बावीस नियम का असू नयेत? प्रत्येकाची देखभाल त्याच्या-त्याच्या सवयीने आखलेली तुम्ही कुठे पाहिली आहे का? आणि मागायचं झालं तर नेमकं काय मागायचं?

सिडकोकर

सरळ जागा बदला. पैसे आपण मोजतोय, त्यांचे उपकार नाहीत.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो, म्हणजे चर्चेत माझी जागा धरलेली.

बाकी, सिंहस्थात आखाड्यांचासुद्धा स्नानाचा क्रम ठरलेला असतो आणि तो चुकला तर काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. आत्याबाईंना म्हणावं, २०२७ ची रंगीत तालीम समजा.

जास्वंदी

@सिडकोकर, जागा बदलणं म्हणजे तिच्यासाठी परत नवी भिंत, नवा पलंग, नवे चेहरे. आत्ता कुठे तिला संडासाचं दार कुठे आहे ते कळायला लागलंय. तो शेवटचा उपाय.

@तिरकस, हसले. पण साधूंना तिथे कुणी धरून बसवत नाही.

हरिभाऊ_पंचवटी

माझा अनुभव अगदी उलटा आहे, म्हणून लिहितो.

आई आमची जुन्या वळणाची. पाय चालत होते तोवर थंडी असो, पाऊस असो, पहाटे गंगेवर जाऊन यायची. (बाहेरगावच्यांसाठी : आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (आम्ही पूर त्याच्यावरूनच मोजतो) कमरेला पाणी लागलं की तेवढे दिवस घरी. पुढे अंथरुणाला खिळली तेव्हा ब्युरोतून (घरी देखभालीला माणसं पुरवतात तिथून) दिवसपाळीची बाई लावली. ती यायची आठला, चहा घ्यायची, आईला चहा-बिस्किट द्यायची आणि मग दहा-अकराला स्पंज. आईने खाणंच सोडलं. आम्हाला वाटलं भूक गेली. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. शेवटी माझ्या मोठ्या बहिणीने ओळखलं : पारोशा अंगाने आईने उभ्या जन्मात तोंडात काही घातलं नव्हतं. सकाळी सहाला मी आणि बायको मिळून अंग पुसून द्यायला लागलो, कपाळाला कुंकू लावलं, तशी खायला लागली.

सांगायचं कारण, पहाटेची वेळ हीच मुळात क्रूर असं समजू नये. आमच्या आईला तिथे पाचला आंघोळ घातली असती तर तिने मावशींना आशीर्वाद दिले असते.

कोथिंबीरवडी

हरिभाऊ, +१. पारोसं असण्याचा मुद्दा कुठल्याही फॉर्मवर नसतो. फॉर्मवर काय असतं? रक्तगट, शुगर, बीपी, ॲलर्जी, डिपॉझिट. माणूस देवपूजेआधी खातो का, हे विचारणारं कॉलम मी तरी पाहिलं नाही.

अंगण

मी स्वतः म्हसरूळच्या बाजूला एक छोटं केंद्र चालवतो. शिव्या पडणार हे माहीत आहे, तरी दुसरी बाजू सांगतो.

पहाटे पाच ही वेळ कुणी आवडीने ठरवत नाही. रात्रपाळीच्या मावशी आठला सुटतात. दिवसपाळी आल्यावर नाश्ता, औषधं, डॉक्टरांची फेरी, कपडे, दुपारचं जेवण. त्यात कुणी पडलं, कुणाला जुलाब लागले की दिवस संपला. म्हणून आंघोळी रात्रपाळीच्या गळ्यात. दुसरं कारण नातेवाईकच. दहाला भेटायला आले आणि आजी पारोशा दिसल्या की तासाभरात ग्रुपवर फोटो. तिसरं कारण गरम पाणी. सोलरच्या टाकीत आदल्या दिवशीचं पाणी असतं. पहिल्या आठ-दहा जणांना कडक मिळतं, मग कोमट, शेवटी गारच. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली गेला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

माणसं मिळत नाहीत ही सगळ्यात मोठी अडचण. आज शिकवलेली मावशी महिन्याने दुसरीकडे जाते. पन्नास सूचना तोंडी दिल्या तर तिच्या लक्षात राहणार कशा?

पण जास्वंदीताई, एक सुचवतो. ग्रुपवर रोज तक्रार टाकण्यापेक्षा आत्यांच्या सवयी लिहिलेला एक कागद द्या. एकच, मोठ्या अक्षरात. मी असा कागद आलेला कधीच नाकारलेला नाही. फक्त आजवर कुणी दिलेला नाही.

सिडकोकर

म्हणजे काम तुमचं, कागद आम्ही लिहायचा. फी मात्र वेळेवर. व्वा!

अंगण

तुमच्या आईला मीठ किती लागतं हे तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार? यात फीचा काय संबंध?

तिरकस

इथेच थांबा दोघेही. या चर्चेच्या धाग्याचा काश्मीर (न संपणारं भांडण) व्हायला अजून वेळ आहे.

निवृत्त_सिस्टर

सरकारी रुग्णालयात वॉर्डात नोकरी केली, आता घरीच असते. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, या वयात रोज डोक्यावरून आंघोळ लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ पुरते. पण चेहरा, हात, काखा, स्तनांखालची जागा, जांघा आणि गुप्तांग रोज स्वच्छ झालंच पाहिजे, आणि डायपर असेल तर प्रत्येक बदलाच्या वेळी. वास येतो तो याच जागांचा. वृद्धांची कातडी पातळ असते, तेल कमी असतं. रोज कडक पाणी आणि साबण लावला की ती कोरडी पडते, खाज सुटते, खाजवून जखम होते. आपल्याकडच्या थंडीत तर विचारू नका.

स्पंज म्हणजे ओलं फडकं फिरवणं नव्हे. दार-खिडकी बंद, पंखा बंद. अंगावर चादर, आणि जो हात किंवा पाय पुसायचा तेवढाच बाहेर. आधी चेहरा, साध्या पाण्याने, डोळा नाकाकडून कानाकडे. शेवटी गुप्तांग, आणि त्याआधी पाणी आणि फडकं दोन्ही बदलायचं. बायकांना पुढून मागे पुसायचं, उलटं केलं तर लघवीचा संसर्ग ठरलेला. घड्या आणि पायाच्या बोटांमधल्या फटी टिपून कोरड्या करायच्या, घासायच्या नाहीत. अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावायचं, मात्र तळव्यांचं तेल पुसून घ्यायचं. फरशीवर घसरून पडलेले मी खूप पाहिलेत. मधुमेह असेल तर बोटांच्या फटीत क्रीम नाही आणि पाण्याची ऊब आपल्या कोपराने पाहायची. पेशंटला पायाला चटका बसलेला कळतच नाही.

पावडर थापू नका. घामात तिच्या गुठळ्या होऊन कातडी सोलते. डायपरच्या जागी लाली आली तर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते : आंघोळ ही अंग तपासायची वेळ आहे. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची पाती रोज बघायची. लाल डाग बोटाने दाबून सोडला की पांढरा होऊन परत लाल झाला पाहिजे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची (पडून-पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. तिथे चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दोन तासांनी कूस बदलून द्यायची. एकेकीला पाच मिनिटांत हँडशॉवरखालून काढलं तर टाच कोण बघणार?

कोथिंबीरवडी

सिस्टर, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

नानासाहेब_७६

रोज आंघोळ नाही म्हणजे काय? आम्ही काय विलायतेत राहतो? माझ्या अंगावर रोज दोन बादल्या पडल्याशिवाय मला माणसात आल्यासारखं वाटत नाही. उद्या मला कुणी 'सिस्टरांनी सांगितलंय, आठवड्यातून दोनदाच' म्हणाला तर त्याची खैर नाही.

निवृत्त_सिस्टर

नाना, मग तुमच्या कागदावर 'रोज, दोन बादल्या' असंच लिहायचं. साबण मात्र मी काखेपुरता देईन.

नानासाहेब_७६

मंजूर. लाइफबॉय.

पेठची_लेक

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहिते.

माझी आई हे काम करते. बारा तासांची ड्यूटी, आधी ब्युरोकडून, आता एका संस्थेत. पेठ तालुक्यातून आम्ही नाशिकला आलो तेव्हापासून तिने किती म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घातल्या त्याची गणती नाही. तिला कुणी शिकवलं नाही. हातमोजे मागितले तर 'जपून वापरा' म्हणतात. पन्नास-साठ किलोचं माणूस खुर्चीतून उचलायचं, तिची कंबर गेली आहे. चावे, नखं, शिव्या, सगळं होतं. आणि ग्रुपवर फोटो येतो तो तिच्याच चुकीचा.

तिला हा धागा वाचून दाखवला. आत्यांचं ऐकून ती म्हणाली, डोक्यावरून पाणी सोडू नका, श्वास कोंडतो, म्हणून मारतात. पाणी आधी पायावर घालायचं, मग गुडघ्यावर, मग हातावर. तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा, आपण फक्त खालून आधार द्यायचा. माझ्या आईने एका रिटायर्ड साहेबांना असंच केलं. ते कुणाला हात लावू देत नव्हते. तांब्या हातात दिला तर स्वतःच छातीवर पाणी घ्यायला लागले. ती फक्त पाठ घासायची. डोकं वेगळ्या दिवशी, आडवं झोपवून धुवायचं. आणि उघडं करायचं नाही, मांडीवर टॉवेल राहू द्यायचा, ओला झाला तर झाला.

आई म्हणते, वेळ लागतो. पण मारामारीला पण वेळ लागतोच ना.

अंगण

ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. खरंच. (आणि नोकरी बदलायची असेल तर व्यनि करा!)

डॉ_खोकला

उशिरा आलो, क्लिनिक होतं. गोळीबद्दल लिहितो, कारण तो भाग मला सगळ्यात खटकला.

आंघोळीच्या वेळीच आणि फक्त तेव्हाच माणूस हात उगारत असेल, तर त्याला अग्रेसिव्ह म्हणण्यात अर्थ नाही. त्याला कशाची तरी भीती वाटते किंवा काहीतरी दुखतं. आत्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. पहाटेच्या गारठ्यात आखडलेला सांधा, त्यात कडक प्लास्टिकची खुर्ची. आधी दुखतं का ते पाहा. कधी कधी आंघोळीआधी अर्धा-पाऊण तास साधी पॅरासिटॅमॉल देऊन भागतं, अर्थात त्यांच्या डॉक्टरांना विचारून. आणि वागणं एकदम दोन-चार दिवसांत बिघडलं असेल तर लघवीतला संसर्ग आणि बद्धकोष्ठ आधी तपासा. म्हातारपणी संसर्गाला ताप येईलच असं नाही, माणूस नुसता बिथरतो.

झोपेच्या गोळीने सकाळी पाचला तोल आणखी जाईल, फरशी ओली, आणि दुसरा खुबा अजून शाबूत आहे. मनोविकारावरच्या अँटिसायकोटिक गोळ्यांबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच इशारा छापायला लावला आहे, की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. त्या कधीच द्यायच्या नाहीत असं नव्हे. पण हँडशॉवरवरचा उपाय म्हणून? नाही.

अवांतर : सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६३ मध्ये रोजच्या सहा कामांची मोजपट्टी मांडली. आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठून बसणं-हलणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. आजही आम्ही तीच वापरतो. या सहांत सहसा सगळ्यात आधी हातची जाते ती आंघोळ, आणि शेवटपर्यंत राहतं ते स्वतःच्या हाताने खाणं. त्यामुळे आंघोळीत जितकं स्वतःचं स्वतः करू द्याल तितकं बरं. पेठच्या ताईंच्या आईने मोजपट्टी न वाचता हेच केलंय.

सातासमुद्रापार

मी ओहायोत नर्सिंग होममध्ये नर्स आहे, माहेर इंदिरानगरचं. इकडचं सांगते, पण हुरळून जाऊ नका.

इथे १९८७ च्या केंद्रीय कायद्यापासून प्रत्येक रहिवाशाचा स्वतंत्र आराखडा करणं बंधनकारक आहे. आता नियम असा : दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा, १४ दिवसांत संपूर्ण तपासणी, त्यानंतर ७ दिवसांत सविस्तर आराखडा, आणि मग दर तीन महिन्यांनी फेरतपासणी. बैठकीला रहिवाशाला आणि नातेवाइकांना बोलावायचं. शॉवर, टब की पलंगावर स्पंज, सकाळी की संध्याकाळी, हे विचारायचं. तो त्यांचा हक्क आहे.

आता प्रत्यक्षात. बऱ्याच ठिकाणी खोली क्रमांकाप्रमाणे शॉवरची यादी भिंतीवर लागलेली असते, आठवड्यातून दोनदा. नाही म्हटलं की फॉर्मवर 'नकार दिला' अशी खूण, विषय संपला. का नकार दिला हे लिहायला जागा असते, ती रिकामी. आराखडा संगणकात सुंदर असतो आणि आंघोळ घालणाऱ्या मुलीने तो उघडलेलाच नसतो, तिच्याकडे सकाळी दहा-बारा माणसं असतात. म्हणून मी माझ्या मजल्यावर प्रत्येकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक पोस्टकार्डाएवढा कागद लावते. आतून, कारण बाहेर लावला तर येणारे-जाणारे वाचतात. 'डायपर आहे' हे शेजाऱ्याला कळायची गरज नसते.

जास्वंदी, कायद्याने तिथे कुणाला किती बांधता येईल ते इतर सांगतील. कपाटाच्या दाराला कायदा लागत नाही.

वकील_साहेब_नाहीत

आपल्याकडचं थोडक्यात. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. वय ६० किंवा त्यापुढे ज्येष्ठ. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद त्यात राज्य सरकारसाठी आहे, आणि अशा वृद्धाश्रमांचा दर्जा आणि सेवा ठरवणारी योजना करण्याचीही. पण आंघोळ कधी आणि कशी, हे तिथवर पोचत नाही. छळ, उपासमार असं काही असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. तुमच्या बाबतीत ती वेळ नाही. बोलून सुटेल.

गोदाकाठची

सगळं वाचून आमच्या आजीचे केस आठवले.

कमरेखाली शेपटा होता तिचा. एका ठिकाणी ठेवली होती, महिन्याभराने बाबा गेले तर बॉयकट. उवा झाल्या होत्या म्हणाले. उवा झाल्या असतील, मी खोटं म्हणत नाही. पण फणी होती, औषध होतं, निदान एक फोन होता. आजी त्या दिवसापासून डोक्यावर पदर घेऊन बसायची. गाऊनला पदर कुठला, म्हणून टॉवेल. स्वच्छतेच्या नावाखाली काय-काय कापून टाकतात.

तेव्हा कागदावर केसांचं जरूर लिहा. आणि पुरुषांचं जानवं, बायकांचं मंगळसूत्र, बांगड्या. काढायचं असेल तर कुणाला विचारून आणि कुणाच्या हातात द्यायचं, तेही.

माजी_बँकर

डायपरवर कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. वडील संडासला सांगत होते, चालत जात होते, फक्त हळू. तिथे रात्री सरसकट सगळ्यांना डायपर. महिन्याभरात वडिलांनी सांगणं बंद केलं, सांगून उपयोग नाही हे त्यांना कळलं. मी भांडलो. मग ठरलं की झोपण्यापूर्वी, पहाटे आणि प्रत्येक जेवणानंतर नेऊन बसवायचं, रात्री पलंगाशेजारी युरिनलचं भांडं आणि डीमलाइट. डायपर फक्त प्रवासात. त्याला वेळापत्रक लागतं, पैसे लागत नाहीत. उलट डायपरचे वाचतात.

दुसरं : वडिलांना बाईमाणसाने आंघोळ घालणं सहन होत नसे. पुरुष अटेंडंट आठवड्यातून तीनच दिवस येतो म्हणाले. म्हटलं, चालेल, तेच तीन दिवस घ्या. बाकी दिवस ते स्वतः पंच्याने पुसतील.

तिरकस

माझा कागद आत्ताच जाहीर करतो. आंघोळ रविवारी नाही. रविवारी आधी मिसळ, तर्री जास्त. कुणी ओल्या टॉवेलने तोंड पुसायला आलं तर मी पळणार.

डॉ_खोकला

तुमच्या कागदावर मी अँटासिड लिहिणार.

मखमलाबादी

सोलरवरून आठवलं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर आधी तो बाहेर काढायला सांगा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. म्हाताऱ्यांच्या आंघोळी लांबतात, खिडकी गारठ्यासाठी लावून घेतलेली असते. हे मावशींच्या जिवासाठीही आहे.

जास्वंदी

सगळ्यांचे आभार. कालचा रविवार यातच गेला. कागद लिहिला, तो इथे टाकते, कुरतडा :

'यांना "आजी" नव्हे, "बाई" म्हणा, लगेच वळून बघतात. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, उठवताना डावीकडून आधार. आंघोळ मंगळवार आणि शुक्रवार, अकराच्या सुमाराला, बादली-तांब्या. पाणी पायापासून वर, तांब्या त्यांच्या हातात. काय करणार ते आधी सांगा आणि उत्तराला वेळ द्या. डोकं फक्त शुक्रवारी, वेगळं. मांडीवर टॉवेल. नाही म्हणाल्या तर थांबा, अर्ध्या तासाने परत विचारा, तरी नाही म्हणाल्या तर स्पंज. रोज सकाळी चेहरा, काखा, जांघा, पाय. टाचा आणि माकडहाड बघून वहीत लिहा. केस कापायचे नाहीत, वेणी घालायची, वेळ नसेल तर नुसता रबर. खोबरेल कपाटात. चिडल्या तर सतराचा पाढा म्हणायला लावा.'

निवृत्त_सिस्टर

छान. दोन गोष्टी वाढवा. नखं : आंघोळीनंतर मऊ असताना, सरळ कापायची, कोपरे खोल नकोत. तोंड : रात्री कवळी काढून, ब्रशने घासून, साध्या पाण्यात ठेवायची. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या. अस्वच्छ तोंडातले जंतू ठसक्यातून फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो, हे लोकांना ठाऊकच नसतं. आंघोळीवरून सगळे भांडतात, तोंडात कुणी बघत नाही.

अंगण

सतराचा पाढा उत्तम. पण कागद लांब झालाय. माझी मावशी शेवटच्या तीन ओळी वाचणार नाही. निम्मा करा, अक्षर मोठं करा, आणि तारीख घाला. दोन महिन्यांनी बाईंचं बदललेलं असेल आणि कागद जुनाच राहील. आणखी एक, तो व्यवस्थापकांना देऊ नका. म्हणजे द्या, पण मावशींसमोर वाचून द्या, आणि त्यांना काय वाटतं ते विचारा. बाईंच्या अंगाचं तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार.

सिडकोकर

अंगण, हे मात्र पटलं. परवाचं मागे घेतो. (अर्धं.)

जास्वंदी

आज जाऊन आले. कागद निम्मा केला. मावशींनीच एक भर घातली : आत्याला गाऊनची बटणं स्वतः लावायची असतात, वरून दुसऱ्या बटणापासून सुरू करते, मध्ये हात घातला की भडकते. मला माहीत नव्हतं. पूर्वी ती साडीच नेसायची.

ठरलं असं : मंगळवार दिवसपाळीच्या मावशी करतील, महिनाभर बघू म्हणाले. शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे माणूस नाही, तेव्हा शुक्रवारी पहाटे आंघोळ नाही, स्पंज. डोकं मी शनिवारी सुट्टीला जाऊन धुणार. गोळी सध्या नको, आधी डॉक्टर खुबा बघतील आणि लघवी तपासतील. बाकी एकवीस जणींचं विचारलं तर व्यवस्थापक नुसते हसले. पण निघताना शेजारच्या पलंगावरच्या काकूंच्या सुनेने माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला.

आता एक खरेदीचा प्रश्न. आंघोळीची खुर्ची आपण आणून द्यायची आहे. काय बघून घेऊ?

माजी_बँकर

स्टीलची सीट नको, गार लागते आणि साबणात घसरते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, हात आणि पाठ असलेली, पायांची उंची कमी-जास्त होणारी. बसल्यावर पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे, आत्या तरंगत्या राहिल्या तर घाबरतील. चाकांची घेणार असाल तर चाकांना ब्रेक हवेतच, आणि आंघोळीच्या वेळी ते कुणी लावतं का ते एकदा उभं राहून बघा. मध्ये भोक असलेली सीट मिळते, ती घ्या, बसल्या जागी स्वच्छता होते. सीटवर जुना टर्किश टॉवेल घालायचा. सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळते, आधी महिनाभर भाड्यानेच आणा.

तिरकस

गंभीर शंका. सगळ्यांच्या कवळ्या रात्री पाण्यात ठेवल्या तर सकाळी कुणाची कुठली हे कसं ओळखायचं?

निवृत्त_सिस्टर

प्रश्न थट्टेचा नाही, हे होतं. एका वॉर्डात नव्या आयाने सगळ्या कवळ्या एकाच भांड्यात घासायला घेतल्या होत्या. अर्धा दिवस जुळवाजुळव चालली, आणि एक आजोबा दुसऱ्याचीच घालून 'हीच बरी बसते' म्हणून परत द्यायला तयार नव्हते. डबी प्रत्येकाची वेगळी, झाकणावर आणि डबीवर दोन्हीकडे नाव. कवळीवरही दंतवैद्य आतल्या बाजूने नाव घालून देतात, नवीन करतानाच सांगायचं.